बारा लेख आणि आईचा एक प्रश्न

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मंगळवारी रात्री मी फोन मध्येच ठेवला, त्याला आज पाच दिवस झाले. त्यानंतर आपण दोनदा बोललो, पण त्या विषयाला तुम्हीही हात लावला नाही आणि मीही नाही. फोनवर मी भराभर बोलत सुटते आणि ऐकायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले आहे.

आई, त्या रात्री तू एकच विचारलंस. "गुडघ्याच्या ऑपरेशनवर बाबांना तू बारा लेख पाठवलेस. त्यात एकही 'थोडं थांबा' म्हणणारा कसा नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडले. तू मला समजूनच घेत नाहीस, असंही बोलले. ते बोलायला नको होतं. माफ कर.

दुसऱ्या दिवशी मी फोनमध्ये पाहिलं, की हे लेख शोधताना मी नेमकं काय टाइप केलं होतं. 'गुडघा बदलण्याचे फायदे'. 'ऑपरेशननंतर किती दिवसांत चालता येतं'. 'ऑपरेशन लांबवल्याचे तोटे'. शोधायला बसण्याआधीच माझा निकाल लागलेला होता. मी साक्षीदार गोळा करत होते, तेही एकाच बाजूचे. आणि बाबा, तुम्हाला मी म्हटलं होतं, "भावनेवर जाऊ नका, माहितीवर जा."

या सवयीवर पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्याने विद्यार्थ्यांना 2, 4, 6 हे आकडे दिले आणि सांगितलं, हे एका नियमात बसतात, तो ओळखा. तुम्ही हवे ते तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही एवढं मी सांगेन. बहुतेकांना वाटलं, दोन-दोनने वाढणारे आकडे. मग त्यांनी 8, 10, 12 विचारलं. बसतात. 20, 22, 24. बसतात. प्रत्येक होकारासरशी खात्री वाढत गेली. नियम मात्र एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने हवेत. 1, 7, 50 हेही त्यात बसले असते. पण आपला अंदाज खोटा ठरेल असे आकडे विचारून पाहायचं फारच थोड्यांना सुचलं. 29 जणांपैकी 6 जणांनीच पहिल्या उत्तरात नियम अचूक सांगितला. मी तुम्हाला पाठवलेले बारा लेख म्हणजे ते 8, 10, 12 होते. 'नाही' ऐकायला मिळेल असा एकही प्रश्न मी विचारला नव्हता.

बाबा, आता तुमच्या बाजूचंही लिहिते. रागावू नका. तुमचे मित्र ऑपरेशननंतर बरेच महिने अंथरुणाला खिळले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ते चित्र मनातून जाणारच नाही. पण जे ऑपरेशन होऊन चालू-फिरू लागले आणि आपापल्या कामाला लागले, त्यांची बातमी आपल्यापर्यंत कोण आणतं? डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1973 मध्ये हेच दाखवलं होतं. जे चटकन आठवतं, तेच जास्त वेळा घडत असणार असं मन धरून चालतं. त्यांनी लोकांना इंग्रजी शब्दांबद्दल विचारलं होतं, की अमुक एक अक्षर शब्दाच्या सुरुवातीला जास्त वेळा येतं की तिसऱ्या जागी? त्यांनी निवडलेली अक्षरं खरं तर तिसऱ्या जागी जास्त येतात, पण बहुतेकांनी पहिली जागा सांगितली. आई, तू शब्दकोडी सोडवतेस, तुला हे लगेच कळेल. पहिलं अक्षर मिळालं की शब्द धावत येतात, तिसरं मिळालं तर पेन्सिल हातात तशीच राहते.

याचा अर्थ तुमच्या मित्राचा अनुभव खोटा ठरत नाही. मी तो 'एकच उदाहरण' म्हणून बाजूला सारला, ते चुकलंच. फक्त तो किती जणांपैकी एकाचा आहे, हे आपल्या तिघांपैकी कोणालाच माहीत नाही.

डॉक्टरांशी बोलताना मात्र एका गोष्टीकडे लक्ष ठेवायला हवं. 1982 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काहींना सांगितलं, 100 पैकी 90 रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचतात. काहींना सांगितलं, 100 पैकी 10 रुग्ण दगावतात. हिशोब तोच, पण पहिलं वाक्य ऐकलेल्यांनी शस्त्रक्रिया जास्त प्रमाणात निवडली. त्यात डॉक्टरही होते, आणि त्यांचंही तसंच झालं. म्हणून मला वाटतं, प्रत्येक आकडा आपण दोन्ही बाजूंनी विचारून घ्यावा. किती जणांचं दुखणं थांबतं आणि किती जणांचं राहतं? किती जणांना पुन्हा ऑपरेशन करावं लागतं? सहा महिने नेमाने व्यायाम केला आणि वजन उतरवलं तर काय फरक पडेल? झीज झालेल्या गुडघ्याला हे दोन उपाय आधी सांगतातच. माझ्या बारा लेखांत त्यांच्यावर दोन ओळीसुद्धा नव्हत्या.

आणि बाबा, "सध्या काहीच नको" हाही एक निर्णय आहे. तो घेतल्यासारखा वाटत नाही, म्हणून त्याचे फायदे-तोटे आपण मांडत नाही. दुखतं म्हणून चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की मांडीचे स्नायू अशक्त होतात, आणि मग गुडघ्यावरचा ताण आणखी वाढतो. थांबायचं तर तेही ठरवून, तारीख घालून थांबू या.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे. एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं, की विचार एका बाजूला झुकवणारे असे कल इतरांमध्ये जास्त आहेत आणि आपल्यात कमी, असं बहुतेकांना वाटतं. त्यांना तसं समजावून सांगितलं, तरी ते आपल्या मतावर ठाम राहतात. दुसऱ्याला आपण त्याच्या वागण्यावरून तोलतो, पण स्वतःला तोलताना आत डोकावतो. आत पाहिलं की हेतू चांगलाच दिसतो. मलाही तोच दिसला होता. बाबांच्या वेदना थांबाव्यात, बस.

पाच दिवस विचार केल्यावर त्याच्या मागे दडलेलं दुसरं काहीतरी दिसलं. मी लांब राहते. जिना उतरताना बाबा कठड्याला धरून थांबतात, हे तू सांगतेस तेव्हा मला रात्रभर झोप लागत नाही. ऑपरेशन म्हणजे एक तारीख, त्या तारखेला मी रजा काढून येणार, सगळं करणार, आणि मग ही काळजी संपणार. रोजचा व्यायाम, आज बरं तर उद्या दुखतंय, यात मी लांबून काहीच करू शकत नाही. म्हणजे माझी ओढ ऑपरेशनकडे होती ती काही अंशी माझ्यासाठी होती, आणि गुडघा बाबांचा आहे.

चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात स्वतःचा एक नियम लिहून ठेवला आहे. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारं काही दिसलं, की तो ते ताबडतोब टिपून ठेवी, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी लवकर विसरल्या जातात, हा त्याचा अनुभव होता. बाबा, तुम्ही इतकी वर्षं रोज रात्री वहीत हिशोब लिहिता, तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही. मी कालपासून एक पान केलंय. वर लिहिलंय, 'ऑपरेशन आत्ता का नको'. कालचा सगळा दिवस त्यावर दोनच ओळी होत्या. आज सकाळी पाच झाल्या, आणि पाचवी वाचून मी खरंच थबकले. भेटीत दाखवेन. तुम्ही 'ऑपरेशन आत्ता का हवं' असं पान कराल का? आई, तू दोन्ही कर. आमच्यापेक्षा तुला दोन्हीकडचं जास्त दिसतं. आणि प्रत्येकाने खाली एक ओळ लिहू या: काय कळलं तर मी माझं मत बदलेन.

मी पुढच्या महिन्यात येतेय. डॉक्टरांकडे तिघं मिळून जाऊ. पण त्याआधी बाबा, मला तुमच्या मित्राबद्दल सगळं सांगा. त्यांना आधीपासून आणखी काही आजार होता का? नंतर व्यायाम करून घ्यायला कोणी होतं का? त्यांना भेटून तुम्ही घरी आलात, त्या संध्याकाळी तुम्हाला कशाची भीती वाटली? हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

तुमची,
लेक