सुत्येस्काची तिसरी डिव्हिजन

संपादक महाशय,

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की आपली गाडी स्टालिनग्राड आणि नॉर्मंडीपुढे सरकत नाही. युगोस्लाव्हियातील कम्युनिस्ट नेते टिटो यांच्या पार्टिझनांच्या, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या गनिमी सैनिकांच्या, वाट्याला फार तर एखादी ओळ!

मे-जून १९४३ मध्ये बोस्नियातील सुत्येस्का नदीच्या परिसरात सुमारे २२ हजार पार्टिझनांना जर्मनी आणि तिच्या साथीदारांच्या लाखाहून अधिक सैन्याने वेढले. टिटो आणि मुख्य तुकड्या वेढा फोडून निसटल्या. मागे राहिली तिसरी डिव्हिजन, कारण जखमींचे फिरते इस्पितळ तिच्या जिम्म्यावर होते. १३ जूनला तिचा सेनापती सावा कोवाचेविच वेढा फोडतानाच पडला, डिव्हिजनची वाताहत झाली. हाती लागलेल्या जखमींना जर्मनांनी ठार मारले. निसटलेल्यांच्या कथेत हे जखमी क्वचितच येतात. युद्धविषयक पुरवणीत त्यांच्यावर चार ओळी छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, पुणे