मंत्रीसाहेब, चेक तिसऱ्यांदा परत आला

मा. मंत्रीसाहेब,
स.न.वि.वि.

तुमचा वेळ किमती आहे म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येतो. परवा मंगळवारी माझा कांद्याचा चेक तिसऱ्यांदा परत आला. बँकेतल्या मॅडमनी काचेखालून सरकवला, वर चिठ्ठी पिन केलेली, खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून. पैसे शेठच्या खात्यात नाहीत आणि चार्ज कापला माझ्या खात्यातून, हे पण कानावर घालून ठेवतो.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी तुम्ही आमच्या गावात आला होतात. तेव्हा आमच्यातल्या नऊ जणांचे पैसे एका व्यापाऱ्याने बुडवले होते. तुम्ही माईक हातात घेऊन म्हणालात, एक महिन्यात प्रत्येकाच्या खात्यात पैसे, नाहीतर लायसन रद्द. आम्ही टाळ्या वाजवल्या, मी तर उभा राहून वाजवल्या. लायसन खरंच रद्द झालं साहेब, शब्दाला जागलात. फक्त त्याच गाळ्यावर आता मेव्हण्याच्या नावाची पाटी आहे, मुनीम तोच, काटा तोच, गल्ल्यावरची लक्ष्मी पण तीच. नऊ जणांना दमडी मिळाली नाही आणि दहावा मी.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाजार समितीचं आणि शेठ लोकांचं पण नाही. मला अजून त्याच आवारात गाडी न्यायचीय.

तुम्ही लिलाव कधी जवळून बघितलाय का? फीत कापायला आलात तेव्हाचा नाही, रोजचा. पहाटे साडेचारला ट्रॅक्टर रांगेत लावला, नऊला लिलाव माझ्यापर्यंत आला. आमच्या गावात व्यापाऱ्यांची दोन घराणी, वरच्या पेठेची आणि खालच्या पेठेची. इलेक्शनला एकमेकांचे बॅनर फाडतात, लग्नाला जात नाहीत, गणपती वेगळे. पण ट्रॉलीपाशी आले की वरच्या पेठेवाला कांदा हातात घेतो, अंगठ्याने पत्ती सोलतो, तेराशे म्हणतो, तेवढ्यात खालच्या पेठेवाल्याला नेमका फोन येतो. पुढच्या ट्रॉलीला फोन वरच्या पेठेला. शंभर गाड्यांच्या रांगेत एकदाही दोघांचे फोन एकदम आले नाहीत, आता हा नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल तर मला माहीत नाही.

माझा पोरगा मोबाईलवर एक गेम खेळतो, त्यात एक काल्पनिक शहर आहे आणि त्या शहरावर व्यापाऱ्यांच्या घराण्यांचं राज्य. दिवसा भांडायचं, रात्री एका ताटात जेवायचं, राजा नावाला. तो मला सांगत होता, पप्पा काय भारी कल्पना आहे ना. मी म्हटलं बाळा कल्पना कसली, गुरुवारी माझ्यासोबत मार्केटला चल.

तर माझा भाव फुटला १,३४० रुपये क्विंटल. २२ क्विंटल माल. चिठ्ठी घेऊन शेठच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या जागेवर गेलो, निम्मी ट्रॉली खाली झाली आणि मुनीम म्हणाला, वांधा आहे, खालचा माल वरच्यासारखा नाही, गोल्टी म्हणजे बारका कांदा निघतोय. साहेब, कांदा मी आणि माझ्या बायकोने साठवणीच्या चाळीतून हाताने निवडलाय, तिची नखं अजून काळी आहेत. पण निम्मी ट्रॉली खाली झाल्यावर माणूस काय करणार, परत भरायला मजूर कुठून आणणार आणि असल्या तक्रारी मिटवणाऱ्या वांधा कमिटीत बसलेत कोण, तर तेच. क्विंटलला २०० रुपये तोडले. म्हणजे ४,४०० रुपये उभ्या उभ्या गेले. वरून हमाली, तोलाई. राहिलेल्या पैशाचा चेक पंधरा दिवस पुढची तारीख टाकून. २४ तासात पेमेंट, असं बाजार समितीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलंय, त्या भिंतीला टेकूनच मुनीमाने चेक लिहिला.

आवारात रोज पाचशे गाड्या येतात असं धरा, पाचशे की सातशे मी मोजत बसलो नाही, दहातल्या एका गाडीचा असा वांधा काढला तरी रोजचे दोन लाखाच्या वर होतात. वर्षाचं गणित तुम्ही करा, तुमच्याकडे सेक्रेटरी आहेत.

तुम्ही म्हणाल संचालक मंडळ शेतकऱ्यांचंच आहे. हो ना. अठरा संचालक, त्यात व्यापाऱ्यांचे फक्त दोन. कागदावर. सोसायटीतून निवडून आलेला एक जण वरच्या पेठेचा भाचा, ग्रामपंचायतीतून आलेला खालच्या पेठेचा व्याही. २०१७ ला दहा गुंठेवाल्या शेतकऱ्याला मतदानाचा हक्क दिला होता, सरकार बदललं आणि २०२० ला तो काढून घेतला. २०१६ ला अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असं ठरलं, तेव्हा पेढे वाटले आम्ही. त्याच वर्षी ई-नाम आलं, देशभरातला व्यापारी कॉम्प्युटरवर बोली लावणार म्हणे. आमच्याकडचा व्यापारी अजून अंगठ्यानेच पत्ती सोलतो.

आणि दिल्लीचं तर बोलूच नका. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के ड्युटी लावली, डिसेंबरला निर्यातच बंद, मे २०२४ मध्ये उघडली पण ड्युटी ठेवून, ती पूर्ण गेली एप्रिल २०२५ ला. तोपर्यंत किती चाळी सडल्या? शहरात कांदा महाग झाला की टीव्हीवर बातमी, आमचा कांदा मातीमोल झाला की हवामानाचा अंदाज. त्या ड्युटीवरून सप्टेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, तेव्हा आमच्या दोन्ही पेठा एकाच मांडवात बसल्या होत्या बरं का, एकाच किटलीतला चहा. बंद त्यांचा, सडला माझा.

बायकोने चाळीच्या पैशावर पोरीच्या नर्सिंगची फी धरली होती. कॉलेजवाले चेक परत आल्याची चिठ्ठी फी म्हणून घेत नाहीत, विचारून बघितलं. शेवटी दोन शेळ्या विकल्या. शेळ्यांचा व्यापारी अडाणी माणूस, ना लायसन ना लेटरहेड, पण नोटा मोजून हातात दिल्या आणि मग दोरी सोडली.

मी कर्जमाफी मागत नाही, अनुदान मागत नाही. माझे २४,७९० रुपये मागतोय, हमाली तोलाई कापून हिशेबाच्या पट्टीवर जेवढे लिहिलेत तेवढेच. वांध्याचे ४,४०० सोडून दिले, तुम्हाला हार घातला होता त्याचा खर्च समजा.

पट्टीचा आणि तिन्ही चिठ्ठ्यांचा फोटो खाली टाकलाय. चाळीत अजून एक ट्रॉली माल आहे, खालून पाणी सुटायला लागलंय, थांबता येत नाही. गुरुवारी परत रांगेत उभा राहणार. लिलावात कुठल्या पेठेचा फोन वाजू द्यायचा, तेवढं ठरवून मला बुधवारपर्यंत कळवा.

आपला,
रांगेतला एक ट्रॅक्टरवाला