प्राणायामाची सुरुवात झटक्यांनी नको

महोदय,

शहरातल्या बागांमध्ये सकाळी भरणाऱ्या अनेक योगवर्गांत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कपालभातीचे, म्हणजे पोट आत मारून श्वास बाहेर टाकण्याचे, शंभर-दोनशे झटके मारायला लावतात आणि त्यालाच प्राणायाम म्हणतात. हा क्रम चुकीचा आहे.

पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात धरलेलीच नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्याबरोबर ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते. कुंभकाचे, म्हणजे श्वास रोखून करायच्या प्राणायामाचे, आठ प्रकार वेगळे सांगितले आहेत. त्याहून कितीतरी जुन्या पतंजलींच्या सूत्रांत आधी आसन स्थिर करायला सांगितले आहे. मग देश (श्वासाची जागा), काल, संख्या पाहत श्वास दीर्घ आणि सूक्ष्म करायचा. वेगाचा तिथे उल्लेखही नाही. मोहेंजोदडोची बसलेल्या आकृतीची मुद्रा (शिक्का) दाखवून पाच हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ती बैठक योगाची आहे का यावरच अभ्यासकांत मतभेद आहेत. श्वासाबद्दल तर ती मुद्रा काहीच सांगत नाही.

बडोद्याने तरी या बाबतीत काटेकोर असायला हवे. योगक्रिया शास्त्रीय पद्धतीने तपासणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचा जन्म १८८३ साली इथून जवळच डभोईला झाला. जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले, नर्मदाकाठी मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले आणि १९२०च्या सुमारास बडोद्याच्याच रुग्णालयात क्ष-किरणांखाली उड्डियान व नौली या पोटाच्या क्रिया तपासून पाहिल्या. लोणावळ्याची त्यांची योगसंस्था कैवल्यधाम त्यानंतरची, १९२४ सालची. क्रियेचा शरीरावर काय परिणाम होतो ते आधी तपासायचे, ही रीत इथे रुजलेली आहे.

‘भराभर श्वास घेतला की ऑक्सिजन वाढतो’ हे वाक्य वर्गांत सर्रास ऐकू येते. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. जोरजोराच्या श्वासाने कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठ आणि बोटे झिणझिणतात. याला ‘शक्ती जागी झाली’ म्हणणे धोक्याचे आहे. अशा वेळी थांबून साधा श्वास घ्यायचा असतो.

सुरुवात अनुलोम-विलोमाने, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास घेऊन, करावी. जेवणानंतर तीन-चार तासांनी, पाठ ताठ पण खांदे सैल ठेवून बसावे. उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा मिटून अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर ठेवावी. बोट हाडाच्या लगेच खाली, मऊ भागावर हलके टेकवावे. जोराने दाबले तर नाकाचा पडदा वाकून दुसरी बाजूही अडते. डावीने चार आकडे मोजत पूरक (श्वास आत), उजवीने चार रेचक (श्वास बाहेर), मग उजवीने पूरक, डावीने रेचक, हे एक आवर्तन. अशी पाच पुरेत. दोन-तीन आठवड्यांनी रेचक सहावर, मग आठवर न्यावा. आकडा सेकंदाचा धरला, तर चार-आठच्या प्रमाणात मिनिटाला पाच श्वास होतात. रेचकानंतरचा पूरक घाईने आत ओढावा लागला, तर रेचक पेलवत नाही असे समजून एक-दोन आकडे कमी करावेत. बहुतेक जण इथेच हट्ट करतात. कुंभक या टप्प्यावर नकोच, आणि पुढेही शिक्षकासमोरच.

कपालभाती त्यानंतर शिकवावी. बेंबीखालचे पोट आत मारून उच्छ्वास करायचा. पूरक पोट सैल सोडल्यावर आपोआप होतो. खांदे उडाले, चेहरा आवळला किंवा श्वास मुद्दाम ओढला, की क्रिया बिघडली. सेकंदाला एक झटका, असे वीस झटके नवशिक्याला भरपूर होतात. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, गर्भारपण किंवा पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया असेल, तर कपालभाती करू नये. शीतलीत, म्हणजे जीभ नळीसारखी वळवून तोंडाने श्वास घेण्याच्या प्राणायामात, हवा नाकाने न गाळता थेट तोंडातून जाते, म्हणून थंडीत आणि धुळीच्या रस्त्याकडेला ती टाळावी.

वर्गचालकांनी नवा माणूस आला की आधी त्याचा रक्तदाब आणि जुनी दुखणी विचारावीत, आणि पहिला महिनाभर त्याला केवळ रेचक लांबवायला शिकवावे, ही विनंती.

एक योगशिक्षक,
दांडिया बाजार, बडोदे