‘नंतर बघू’ म्हणजे कधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बंडखोरांशी बोलणी निघाली की ‘आधी बंदुका थांबू देत, बायकांच्या हक्कांचं नंतर बघू’ असं हमखास ऐकू येतं. हे ‘नंतर’ कसं असतं, ते कतारच्या दोहा शहरात झालेल्या बोलण्यांत दिसलं. २९ फेब्रुवारी २०२० च्या अमेरिका-तालिबान करारात परदेशी फौजा १४ महिन्यांत परतणार असं स्पष्ट लिहिलं होतं. सोडायच्या कैद्यांचे आकडेही होते: तालिबानचे ५,००० पर्यंत, समोरच्या बाजूचे १,००० पर्यंत. स्त्रियांचा उल्लेख मात्र एकदाही नाही. सप्टेंबरात अफगाणांची आपापसातली बोलणी सुरू झाली, तेव्हा सरकारी बाजूच्या २१ जणांत ४ स्त्रिया होत्या, तालिबानकडे एकही नव्हती. फौजांच्या परतीची मुदत ठरून गेली होती, कैदी सुटत आले होते. मग सौदा कशाच्या जोरावर करायचा? त्या चौघी कमी पडल्या असं म्हणणं अन्यायाचं आहे.

क्यूबाच्या राजधानीत, हवानात, वेगळं घडलं. तिथे कोलंबियाचं सरकार आणि फार्क ही तिथली बंडखोर संघटना यांची बोलणी चालू होती. दोघांच्या प्रतिनिधींची, मसुदे स्त्रियांच्या नजरेतूनही तपासणारी लिंगभाव उपसमिती सप्टेंबर २०१४ मध्ये बसली. उशीरच झाला होता. जमीन, राजकीय सहभाग आणि अमली पदार्थ या ३ मुद्द्यांवर आधीच एकमत झालं होतं. तरी ते मसुदे पुन्हा उघडले गेले. ते गरजेचंही होतं. नुसतं ‘शेतकरी कुटुंबाला जमीन’ म्हटलं की कागदावर नाव पुरुषाचं लागतं, आणि तो बेपत्ता झाला की बाईला त्याच जमिनीवरचा हक्क शाबीत करत बसावं लागतं.

सगळ्यात घातक असतं ते माफीचं कलम. ‘संघर्षकाळातली सर्व कृत्यं’ असं मोघम लिहिलं की बलात्कारही त्यात धुऊन निघतो. कोलंबियाच्या करारात लैंगिक हिंसा माफीतून वगळली, तीही नाव घेऊन. शस्त्रसंधीचंही तेच. ‘उल्लंघन’ म्हणजे फक्त गोळीबार अशी व्याख्या केली, तर देखरेख पथक अत्याचाराची नोंदच घेत नाही. पथकात बाई नसेल, तर तक्रार मुळात त्याच्यापर्यंत पोचत नाही.

शस्त्रं जमा करतानाचा घोळ तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बंदूक आणून देईल त्यालाच पुनर्वसनाचा भत्ता, अशी अट असली की तळावर वर्षानुवर्षं रांधणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, जखमींची शुश्रूषा करणाऱ्या आणि पळवून आणलेल्या मुली यादीबाहेर राहतात. पात्रता शस्त्रावर न ठरवता तळावरच्या वास्तव्यावर ठरवावी, आणि तशी ओळ करारातच असावी. अंमलबजावणीच्या परिपत्रकावर सोडू नये.

आपला,
एक वाचक