दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाला एकच तास?

संपादक महोदय,

दिवाळीनंतर आम्ही दोघे एका सहल कंपनीबरोबर दार्जिलिंगला जाऊन आलो. जेवण, हॉटेल, गाड्या, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, उभी नोकरी गाड्यांच्या वेळा जुळवण्यात गेली. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ निघण्याआधीच खटकली होती: 'प्राणिसंग्रहालय व गिर्यारोहण संस्था – १ तास.'

त्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवून आम्हाला टायगर हिलला नेले. सूर्योदय, बतासिया, मठ, नाश्ता आणि मग प्राणिसंग्रहालय. फाटकापासून आत चांगलाच चढ आहे. सौ.चे गुडघे दुखतात, चढ संपेपर्यंत पंधरा मिनिटे गेली. रेड पांडाच्या आवारापाशी पोहोचलो तर झाडाच्या बेचक्यातून पट्ट्यापट्ट्यांची शेपटी तेवढी लोंबत होती. "अहो, थांबा जरा, हलेल तो," असे ही म्हणते तोच आमच्या टूर मॅनेजरची शिट्टी वाजली. प्राणिसंग्रहालयात शिट्टी! शेजारच्या पिंजऱ्यातला पक्षी फडफडत जाळीवर आदळला. ते बघून मनाला फार लागले.

दुसरा दिवस बुधवार. कार्यक्रमात चहाचा मळा आणि खरेदी. गुरुवारी प्राणिसंग्रहालय बंद असते आणि शुक्रवारी परतीचा प्रवास, म्हणून आम्ही मळा सोडला. चौरस्त्यावरून रमतगमत चालत निघालो, उघडायच्या वेळेला फाटकाशी हजर होतो आणि दुपारी तीनपर्यंत आतच होतो.

पहिला तासभर रेड पांडापाशीच काढला. तो जागा होता. बांबूची डहाळी पुढच्या पंजात धरून एकेक पान तोंडाने ओढून घ्यायचा आणि डोळे अर्धवट मिटून चावत राहायचा. डहाळी पकडायची त्याची रीत थेट माणसासारखी. त्याच्या मनगटाचे एक हाड वाढून अंगठ्यासारखे झालेले असते, ते समोर बघायला मिळाले. पोट भरल्यावर तो फांदीवर चढला, अंग झाडले, शेपटी तोंडावर ओढून घेतली आणि झोपला. मग नऊ-साडेनऊनंतर एकामागून एक ग्रुप आले. "झोपलाय, चला पुढे." त्यांचे काही चुकले नाही. हा प्राणी वावरतो तो पहाटे आणि संध्याकाळी. उन्हे वर आल्यावर आणलेल्या माणसांना फक्त शेपटीच दिसणार. चूक वेळापत्रकाची आहे.

आणि ही जागा साधी नाही. पश्चिम बंगालच्या माजी राज्यपाल पद्मजा नायडू यांच्या नावाचे हे प्राणिसंग्रहालय १९५८ साली सुरू झाले. सुमारे ७,००० फूट उंचीवर, ६७ एकरांच्या डोंगरउतारावर वसलेले आहे आणि भर आहे तो हिमालयातल्या थंडीच्या प्राण्यांवर. लांडगे, काळी अस्वले, उभ्या कड्यावर सहज चढणारे भरल, म्हणजे हिमालयातल्या रानमेंढ्या. हिमबिबट्या आणि रेड पांडा यांची पैदास इथे वर्षानुवर्षे चालू आहे. इथे वाढलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन रेड पांडा माद्या २००३ साली सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या गेल्या. हे सगळे मी घरी आल्यावर वाचले. गाडीत कोणी चार वाक्ये सांगितली असती तर आमचे सहप्रवासीही त्या शेपटीपाशी दोन मिनिटे जास्त थांबले असते.

साडेदहाच्या सुमारास आम्ही गिर्यारोहण संस्थेच्या बाजूला बसलो होतो. तेनसिंग आणि हिलरी १९५३ साली एव्हरेस्टवर पोहोचल्यानंतर पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली, आणि तेनसिंग यांचे अंत्यसंस्कारही याच आवारात झाले. समोर नुसता पांढरा ढग होता. सौ. पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती आणि मी तिला हाक मारली. ढग मधोमध फाटला होता आणि त्यातून कांचनजंगा, ८,५८६ मीटर, इतका वर दिसत होता की मी आधी खालीच शोधत होतो. दहाएक मिनिटे. मग पुन्हा पडदा. आदल्या दिवशी टायगर हिलवर शेकडो मोबाइलच्या आडून पाहिलेला डोंगर तो हाच, पण इथे आम्ही दोघेच होतो आणि मागे कुठेतरी अस्वल घोरल्यासारखा आवाज करत होते.

सहल कंपन्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. प्राणिसंग्रहालय टायगर हिलच्या दिवशी ठेवू नका. पहाटेपासून जागी असलेली साठी-सत्तरीची माणसे तो चढ चढून काहीच बघू शकत नाहीत. वेगळी सकाळ द्या, उघडल्या उघडल्या आत न्या आणि निदान चार तास ठेवा. वेळ कुठून आणायचा, असे विचाराल तर रस्त्यालगतचे दोन पॉइंट कमी करा, तिथेही लोक गाडीतून उतरून फोटो काढतात आणि परत बसतात, एवढेच होते. शिट्टी बसच्या बाहेर काढू नका. जमण्याची वेळ आणि जागा आधी सांगितली की माणसे बरोबर येतात, आमच्या डेपोत रोज येत होती.

उन्हाळी सहलींच्या कार्यक्रमपत्रिका लवकरच छापायला जातील. त्याआधी हे पत्र प्रसिद्ध झाले तर बरे होईल.

– एक निवृत्त वाहतूक नियंत्रक