फुलपाखरू फ्रिजमध्ये ठेवून काढलेल्या फोटोला बक्षीस नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह. त्यानिमित्त बेळगावात आणि आमच्या खानापुरातही छायाचित्र स्पर्धांच्या घोषणा आता सुरू होतील. नियमावली छापायला टाकण्याआधी आयोजकांनी हे पत्र वाचावं, एवढ्यासाठी आपल्या दैनिकात थोडी जागा मागतो आहे.

गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत आणि हा प्रश्न एकट्या त्या संस्थेचा नाही. पहिलं बक्षीस ब्ल्यू टायगर फुलपाखराच्या फोटोला होतं. डेलियाचं भलं मोठं फूल, त्यावर फुलपाखरू, पंखांवर टपोरे थेंब. लोक वाहवा करत होते. मी जवळ जाऊन पाय बघितले. टायगर गटातली फुलपाखरं चार पायांवर उभी राहतात, पुढची जोडी आखूड आणि छातीशी दुमडलेली असते. या फोटोत ते चार पायही पोटाशी आखडलेले होते. एकाही पायानं पाकळी धरलेली नव्हती. ते फुलपाखरू फुलावर बसलं नव्हतं, कुणीतरी आणून ठेवलं होतं. शिवाय फुलाची सावली बरोबर फुलाखाली पडलेली, म्हणजे ऊन डोक्यावरचं. भर दुपारी दंव कुठून येणार?

ज्याचा फोटो तो कॉलेजचा मुलगा तिथंच होता. विचारलं, तर त्यानं काही न लपवता सांगितलं. आदल्या संध्याकाळी जाळीनं पकडलं, डब्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी फुलावर ठेवून स्प्रेनं पाणी मारलं. "सगळे असंच करतात सर, व्हिडिओत दाखवतात की!" त्याच्या शेजारी उभी असलेली दोन शाळकरी पोरं हे सगळं मन लावून ऐकत होती. मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याला कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. राग आला तो तो फोटो निवडणाऱ्यांचा. त्यांच्यातल्या एकानंही पायाकडे बघितलं नाही.

माझा खानापुरात फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्न, बारसं, यात्रा, यावर घर चालतं. लग्नसराई संपली की कॅमेरा किड्यांकडे वळतो. त्यामुळे पुढचं जे लिहितो आहे ते धंद्यातला माणूस म्हणून लिहितो आहे.

थंडीत फुलपाखराला उडता येत नाही. उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय चालत नाहीत आणि ती ऊब त्याला उन्हातून घ्यावी लागते. म्हणूनच सकाळी ती पंख पसरून उन्हाकडे पाठ करून बसलेली दिसतात. फ्रिजमधून काढलेलं फुलपाखरू गप्प राहतं ते पळायचं बळच नसतं म्हणून. पकडताना बोटांना जी पूड लागते ती पंखांवरचे खवले असतात. ते एकदा झडले की परत येत नाहीत. बहुतेक फुलपाखरांचं पंख फुटल्यानंतरचं आयुष्य काही आठवड्यांचंच असतं. त्यातली एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ आपण एका फोटोसाठी काढून घेतो. ती मादी असली तर तिच्या पोटातल्या अंड्यांचाही त्यात वाटा असतो.

कायद्याचंही सांगायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत कित्येक फुलपाखरांची नावं आहेत, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत नुसतं पकडणं हीसुद्धा शिकारच आहे. कुठलं फुलपाखरू अनुसूचीत आहे हे जाळी घेऊन फिरणाऱ्या पोराला माहीत असण्याची शक्यता कमी. मग वन्यजीव सप्ताहाच्या व्यासपीठावर आपण नेमक्या कशाला हार घालतो?

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. फोटोखाली गाव, महिना आणि झाड लिहिलं की त्या फोटोची नोंद होते. ईश्वरीच्या वेलाचं उदाहरण घ्या. सदर्न बर्डविंग हे कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू, पंखांचा विस्तार वीतभरापर्यंत जाऊ शकतो. त्याची मादी अंडी घालते ती ईश्वरीच्या आणि तिच्या भाऊबंद वेलांवर, कारण अळी तेवढाच पाला खाते. अंडी घालणाऱ्या मादीचा एक खरा फोटो मिळाला, तर जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर तो वेल अजून कुठं शिल्लक आहे हे कळतं. रस्त्याकडेची झाडी साफ करायला माणसं आली की तेवढा तुकडा सोडा म्हणून सांगता येतं. उलट बाजारातल्या डेलियावर ठेवलेला ब्ल्यू टायगर कुणाला काय सांगणार? उद्या कुणी तो फोटो पुरावा म्हणून धरला तर चुकीची नोंद कायमची होऊन बसेल.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, "हात न लावता असा फोटो निघतच नाही." निघतो. अवघड आहे, हे खरं. एकास एक मॅक्रोमध्ये, म्हणजे किडा सेन्सरवर जेवढ्याला तेवढा उतरतो तेव्हा, लेन्सचं भोक एफ ११ पर्यंत बारीक केलं तरी फोकसमध्ये जेमतेम एक मिलिमीटर जागा असते. डोळा साधला तर पंखाचं टोक सुटतं. १०० एमएमच्या लेन्सपुढे त्या वेळी किडा अर्ध्या फुटाच्या आत असतो. त्यामुळे वाऱ्याची झुळूक, आपला श्वास, सगळं फोटोत उतरतं. याला उपाय आहेत, आणि ते पैशांचे नाहीत. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू असेल तर कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर धरायची, म्हणजे त्या एका मिलिमीटरात अख्खा पंख येतो. ऑटोफोकस बंद करायचा, अंतर ठरवून ठेवायचं आणि स्वतः मागंपुढं डुलत डोळा तीक्ष्ण दिसला की शटर दाबायचं. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. किड्यांच्या डोळ्यांना झटक्याची हालचाल लगेच कळते, हळू सरकलेला माणूस पुष्कळदा खपून जातो. फ्लॅश लागतोच, पण उघडा फ्लॅश मारला की भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. मी लग्नातल्या मोडक्या अंब्रेलाचं पांढरं कापड फ्लॅशपुढं बांधतो, त्यातून उजेड मऊ होऊन येतो. मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर जुनी ५० एमएम उलटी लावायची रिंग स्वस्तात मिळते.

आणि वेळ साधायची. भल्या पहाटे गवतात बसलेले चतुर आणि त्यांच्या सडपातळ भाऊबंद टाचण्या दंवानं खरोखरच भिजलेले असतात. अंगावर ऊन येईपर्यंत ते हलत नाहीत. थेंबांचा फोटो हवा तर सूर्योदयाआधी माळावर जावं, स्प्रे कशाला लागतो? फेब्रुवारी-मार्चमध्ये मलप्रभेच्या काठी ओल्या वाळूवर फुलपाखरांचे थवे बसतात. त्यांत बहुतेक नर असतात, मातीतले क्षार शोषत असतात आणि त्यात इतके गुंग असतात की पोटावर सरपटत जाणाऱ्या माणसाकडे फारसं लक्ष देत नाहीत. ही जागा मला एका म्हातारबाबांनी दाखवली. मी भलतीकडेच वाळूत पडलो होतो. "काय हुडकालाय ओ?" म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाले, "इथं न्हाई, म्हशी मुततात तिथं बघा." तिथं ब्ल्यूबॉटल फुलपाखरांची रांगच लागली होती.

फुलपाखरू अगदी स्थिर हवं असेल, तर त्याचाही मार्ग आहे आणि तो आपल्या परसातच आहे. माझ्या स्टुडिओच्या मागं कढीपत्त्याचं झाड आहे. कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी त्याच्या कोवळ्या पाल्यावर एकेक अंडं चिकटवून जाते. अळी सुरुवातीला हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. काडीचा धक्का लागला तर डोक्यामागून लालभडक दुपेडी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग ती फांदीला रेशमाचा पट्टा बांधून कोष करते. पंख फुटायची वेळ आली की कोष काळवंडतो आणि आतल्या पंखाचे पांढरे ठिपके बाहेरून दिसायला लागतात. हे दिसलं की मी दुकानाचं शटर उशिरा उघडतो. सकाळी कोष डोक्याकडून फाटतो आणि ओलं, चुरगळलेले पंख असलेलं फुलपाखरू बाहेर येऊन त्याच सालीला लटकतं. पंखांच्या शिरांतून द्रव भरत जातो आणि सुरकुत्या डोळ्यांदेखत निघत जातात. सोंड त्या वेळी दोन फाकांत असते, ती गुंडाळून-सोडून तो प्राणी त्यांची एक नळी करत असतो. पंख वाळायला तास-दोन तास जातात आणि तेवढा वेळ ते जागचं हलत नाही. एकेक खवला मोजता येईल असा फोटो तेव्हा मिळतो. फांदीला धक्का न लावता कॅमेऱ्याची तिवई लावावी आणि फोटो झाला की बाजूला व्हावं.

आमच्या तालुक्यातल्या मुलांना हे सगळं दाराशी आहे. महाराष्ट्रानं २०१५ साली ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं. ते आणि कर्नाटकाचं बर्डविंग, दोन्ही खानापूरच्या रानात आहेत. भीमगड अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती घ्यायलाच हवी. पण बांधावरची रुई, टाकळा, एरंडी, कुंपणाची घाणेरी इथं कुणाची परवानगी लागत नाही. तिथं पुष्कळ काही मिळतं.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे. कीटकाला पकडून, गारठवून, चिकटवून किंवा हलवून काढलेला फोटो बाद होईल, हे नियमावलीत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत स्पष्ट लिहा. प्रवेशअर्जात गाव, महिना, वेळ आणि किडा कुठल्या झाडावर होता, एवढं विचारा. पहिल्या काही क्रमांकांच्या फोटोंची मूळ फाईल आणि त्याच्या आगेमागे काढलेले फोटो मागवा. जागेवर काढलेल्या फोटोच्या आधी पाच-दहा हललेले फोटो असतातच, नसतील तर विचारपूस करा. परीक्षकांत फोटोग्राफरच्या जोडीला कीटकांचा किंवा वनस्पतींचा अभ्यास असलेलं एक माणूस घ्या. आपल्याकडे कॉलेजांत असे प्राध्यापक आहेत.

संपादक महाशय, आपल्याकडेही वाचक असे फोटो पाठवतात आणि आपण ते कौतुकानं छापता. त्यांच्या खालीही झाडाचं आणि गावाचं नाव यावं.

आयोजकांपैकी कुणाला मूळ फाइली तपासायला माणूस हवा असेल तर मी येईन. मानधन नको. दुकान मंगळवारी बंद असतं, त्या दिवशी बोलावलंत तर सोयीचं होईल.

आपला,
एक स्टुडिओचालक
खानापूर, जि. बेळगाव