पत्रादेवीच्या पलीकडे पेट्रोल स्वस्त का?

महोदय,

गोव्याकडे निघालेली गाडी बांद्यात टाकी भरत नाही, पत्रादेवीचा सीमानाका ओलांडून गोव्यात शिरली की भरते. इकडचा पंपवाला जास्त पैसे लावतो, असा अनेकांचा समज आहे. वास्तविक पंपचालकाला दर ठरवण्याचा अधिकारच नाही. रोज सकाळी सहाला कंपनीचा दर लागू होतो आणि पंपचालकाच्या पदरात ठरलेले कमिशन पडते.

फरक करात आहे. कंपनीचा दर, डेपोपासूनचे भाडे, केंद्राचे उत्पादन शुल्क आणि कमिशन या बेरजेवर राज्य व्हॅट लावते. डिझेलवर 21 टक्के. पेट्रोलवर 25 टक्के, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. म्हणजे शुल्कावरही कर! घाट उतरून येणाऱ्या टँकरचे भाडे लिटरमागे रुपयाने वाढले, तर पेट्रोलच्या गिऱ्हाइकाला सवा रुपया पडतो. गोव्याचा व्हॅट कमी, एवढेच त्यातले इंगित.

कंपन्यांमध्ये चढाओढ असती तर थोडा दिलासा मिळाला असता. पेट्रोल जून 2010 मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी दरनियंत्रणातून मुक्त झाले, पण बहुतेक पंप तीन सरकारी कंपन्यांचे. त्यातल्या हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा हिस्सा 2018 मध्ये ओएनजीसी या दुसऱ्या सरकारी तेल कंपनीने घेतला. एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले, इतकेच. एप्रिल 2022 पासून मार्च 2024 पर्यंत कच्चे तेल वरखाली होत राहिले, तरी करकपात वगळता पंपावरचा दर हलला नाही. अशा वेळी खासगी कंपनीच्या पंपाने तोटा सोसावा, नाहीतर महाग विकून गिऱ्हाईक घालवावे.

सर्वांत विचित्र प्रकार मार्च 2022 चा. किरकोळ दर गोठलेले असताना घाऊक डिझेल लिटरमागे सुमारे 25 रुपयांनी महागले. मच्छीमार सोसायट्या घाऊक ग्राहकांत मोडत असल्याने बंदरावरचे डिझेल रस्त्यावरच्या पंपापेक्षा महाग झाले. व्हॅटचा परतावा मिळतो खरा, पण आधी सगळी रक्कम मोजावी लागते.

पावतीवर मूळ दर, भाडे, शुल्क, कमिशन आणि व्हॅट वेगवेगळे छापावेत. मशीनला ते अवघड नाही. राहिला प्रश्न सीमेलगतच्या तालुक्यांत व्हॅट कमी करण्याचा. एकाच राज्यात दोन दर चालत नाहीत, असे म्हणायला जागा नाही. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईला 2024 पर्यंत वेगळा दर होताच, तोही चढा. मग सावंतवाडी-दोडामार्गला उतरता दर का नको?

– काही पेट्रोलपंपचालक, सावंतवाडी तालुका